विद्यापीठाचा आपत्कालीन एसएमएस: आग लागण्याआधी करायची कामं

प्रयोगशाळेत आग लागली की कुणीतरी संगणकासमोर बसायचं, दोन ओळी टाइप करायच्या आणि वीस हजार मोबाईलवर पाठवून द्यायच्या, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. भारतात तसं करता येत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे संस्थेचा प्रत्येक एसएमएस आधीच नोंदवून मंजूर करून घेतलेल्या मजकुराशी जुळावा लागतो. जुळला नाही, तर मोबाईल कंपनीच्या यंत्रणेतच तो अडतो आणि कुणालाच मिळत नाही. म्हणजे आगीचा संदेश आग लागण्याच्या कितीतरी आधी, एखाद्या शांत दुपारी लिहून ठेवावा लागतो. तो कोण पाठवणार, कुणाला पाठवणार, हेही त्याच दुपारी ठरवायचं असतं.

हा लेख कुलसचिव कार्यालय, संगणक केंद्र, सुरक्षा विभाग आणि वसतिगृहांचे रेक्टर यांच्यासाठी आहे. पाच-सहा हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयालाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं. विद्यार्थ्यांसाठी, आणि अमेरिकेत शिकायला निघालेल्यांसाठी, शेवटी वेगळं लिहिलं आहे.

पहिलं काम: बटण कोण दाबणार?

एसएमएस कंपनी निवडण्याआधी हे ठरवा. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात गोळीबार झाला, दोघांचा जीव गेला. विद्यापीठाच्या धोरण ठरवणाऱ्या गटाची बैठक साडेआठच्या आसपास सुरू झाली. सगळ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत त्याच हल्लेखोराने नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत आणखी ३० जणांना मारलं. राज्याने नेमलेल्या चौकशी समितीने नोंदवलेली एक गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक कुलसचिवाने वाचावी अशी आहे: इशारा पाठवायची सोय विद्यापीठाच्या पोलिसांच्या हाती नव्हती, ती प्रशासनातल्या मोजक्या लोकांकडे होती. जागेवर असलेल्या माणसाला माहिती होती, पण बटण त्याच्याकडे नव्हतं.

आपल्याकडे ही दरी आणखी रुंद आहे. टिपणी तयार होते, वर चढते, शेरा पडतो, सही होते, जावक क्रमांक पडतो. परिपत्रकासाठी ही पद्धत ठीक आहे. गॅसगळतीसाठी नाही.

म्हणून व्यवस्थापन परिषदेकडून एकदाच ठराव करून घ्या. त्यात प्रसंगांची यादी असू द्या: आग, प्रयोगशाळेतली रसायन किंवा गॅस गळती, शस्त्र घेऊन फिरणारा माणूस, आवारात शिरलेला बिबट्या, रस्ता किंवा पूल पाण्याखाली जाणं, झाड किंवा भिंत कोसळून वाट बंद होणं. या यादीतलं काही घडलं आणि ते एका जबाबदार माणसाने प्रत्यक्ष पाहिलं, तर पाळीवर असलेला सुरक्षा अधिकारी कुणालाही न विचारता पहिला संदेश पाठवेल, आणि पाठवल्यानंतर कुलगुरू व कुलसचिवांना फोन करेल. क्रम हाच. दुसरा संदेश, सुट्टीचा निर्णय, पत्रकारांना द्यायची माहिती, हे सगळं वरिष्ठांनी नंतर ठरवावं.

ठरावात एक वाक्य आवर्जून घालून घ्या: चांगल्या हेतूने पाठवलेला पहिला संदेश चुकीचा ठरला, तरी पाठवणाऱ्यावर कारवाई होणार नाही. हे लेखी नसेल तर रात्री दोन वाजता कुठलाही सुरक्षा अधिकारी बटण दाबणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

पाठवण्याचा अधिकार प्रत्येक पाळीला किमान दोघांकडे असावा. लॉगिनचा ओटीपी जर संगणक केंद्राच्या संचालकांच्या मोबाईलवर येत असेल, तर संचालक विमानात असताना सगळी यंत्रणा बंद आहे असं समजा. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, ओटीपी त्याच्याच फोनवर.

नंबरांची यादी

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त दगा देणारं काम हेच. प्रवेश अर्जावरचा मोबाईल नंबर विद्यार्थ्याचाच असेल असं धरून चालू नका. कधी तो वडिलांचा असतो, कधी मोठ्या भावाचा, आणि बऱ्याचदा ज्या नेट कॅफेत फॉर्म भरला त्या चालकाचा. गावाकडचं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये असतं, त्याचं रिचार्ज संपतं, काही दिवसांनी येणारे एसएमएसही थांबतात. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या कुणाला देते. मग तुमचा वसतिगृहातला आगीचा इशारा लातूरच्या एखाद्या किराणा दुकानदाराला जातो.

यावर उपाय म्हणजे विद्यार्थी ज्या क्षणी नाइलाजाने लॉगिन करतो, तो क्षण पकडायचा: परीक्षा फॉर्म. दर सत्राला फॉर्म भरताना ‘सध्या जवळ असलेला मोबाईल नंबर’ विचारा, त्यावर ओटीपी पाठवा, आणि तो टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ देऊ नका. ‘नंबर अद्ययावत करावा’ अशी सूचना फलकावर लावून काहीही होत नाही. नंबर पीआरएनला (विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकाला) जोडलेला ठेवा, म्हणजे विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला की आपोआप यादीतून निघेल.

आता यादीत कोण नसतं ते पाहा. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक पगाराच्या यादीत वेगळ्या ठिकाणी असतात. कंत्राटी सफाई कामगार, मेसचे आचारी, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, माळी, कॅन्टीन आणि झेरॉक्सवाले तर आस्थापना विभागाच्या कागदावरच नसतात. आवारात सगळ्यात लवकर येणारे आणि उशिरा जाणारे हेच लोक. कंत्राटदाराच्या मासिक बिलासोबत कामगारांच्या नंबरांची ताजी यादी बंधनकारक करा. यादी नाही तर बिल पुढे सरकणार नाही. बिल अडवणं ही लेखा विभागाच्या हातातली ताकद आहे, ती इथे वापरावी.

यादीचे गट पाडा: मुख्य आवार, प्रत्येक वसतिगृह, प्रत्येक उपकेंद्र. मुख्य आवारात झाड पडल्याचा संदेश दुसऱ्या जिल्ह्यातल्या उपकेंद्राला गेला, तर पुढच्या वेळी तिथे तुमचा संदेश कुणी उघडणार नाही.

आणि हे नंबर दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. शुल्काची आठवण, दीक्षान्त समारंभ, अभ्यासक्रमाची जाहिरात यासाठी वेगळा हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या नावाने फीचे तगादे येतात त्या नावाचा इशारा लोक न वाचताच सरकवतात.

डीएलटी नोंदणी

एसएमएस पाठवणाऱ्या संस्था आणि त्यांचे मजकूर नोंदवायला मोबाईल कंपन्यांचे डीएलटी पोर्टल आहेत. त्यापैकी एकावर विद्यापीठाची ‘प्रिन्सिपल एंटिटी’ (संदेश ज्या संस्थेचा ती) म्हणून नोंदणी करायची. संस्थेचं पॅन, अधिकारपत्र आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख लागते. नोंदणीला थोडं शुल्क आहे. हे काम एसएमएस विकणाऱ्या मध्यस्थाच्या नावावर होऊ देऊ नका. खातं, हेडर आणि मंजूर मजकूर विद्यापीठाच्या मालकीचे असले, की उद्या कंपनी बदलता येते.

मग हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारी सहा इंग्रजी अक्षरं. त्यांच्या आधी कंपनी आणि परिमंडळ दाखवणारी दोन अक्षरं येतात. २०२५ च्या दुरुस्तीनंतर शेवटी संदेशाचा प्रकारही दिसतो: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. आपत्कालीन कामाचा हेडर वेगळा आणि सहज ओळखता येईल असा घ्या आणि तो पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना सांगा. पावसाळ्यात ‘उद्या सर्व महाविद्यालयांना सुट्टी’ अशी जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीची बनावट पत्रं व्हॉट्सअॅपवर कशी फिरतात, हे वेगळं सांगायला नको. खरा संदेश कुठल्या नावाने येतो हे माहीत असेल, तर निदान पडताळायला काहीतरी हाताशी असतं.

मजकूर नोंदवताना प्रकार ‘सर्व्हिस इम्प्लिसिट’ (जाहिरात नसलेला सेवा संदेश) निवडा. चुकून ‘प्रमोशनल’ निवडलं, तर ज्यांनी डीएनडी (जाहिरातींना मनाई) लावलं आहे त्यांना संदेश जाणार नाही, आणि इतरांनाही सकाळी दहा ते रात्री नऊ याच वेळेत जाईल. आग घड्याळ पाहून लागत नाही.

बदलणाऱ्या जागेसाठी, म्हणजे इमारतीचं नाव किंवा वेळ, मजकुरात रिकामी जागा ठेवता येते. सगळाच मजकूर रिकामा ठेवला तर मंजुरी मिळत नाही. ठरलेली वाक्यं असावीच लागतात. मंजूर मजकूर एका फाइलमध्ये ठेवा आणि पाठवताना तिथूनच उचला. हाताने पुन्हा टाइप करू नका. एक जास्तीची मोकळी जागा किंवा विसरलेला पूर्णविराम एवढ्यानेही संदेश फेटाळला जाऊ शकतो. मजकुरात संकेतस्थळाचा दुवा असेल, तर तोही आधी नोंदवलेला हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेले दुवे अडवले जातात. माझ्या मते पहिल्या संदेशात दुवा नसलेलाच बरा. पळणारा माणूस दुवा उघडत नाही.

सत्तर अक्षरांचा हिशेब

इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरी एसएमएस ७० चा. त्यापेक्षा लांब झाला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च अक्षरं बसतात. यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, फोनच्या हिशेबात तो १५ चा आहे.

आता आपली लाडकी सरकारी सुरुवात घ्या: ‘सर्व विद्यार्थी, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की’. मोजली तर भरतात ६७. अख्खा पहिला तुकडा संपला आणि आग कुठे लागली ते अजून कळलेलं नाही.

याउलट हे पाहा:

‘आग: रसायनशास्त्र इमारत. बाहेर पडा. लिफ्ट टाळा. मैदानात या. -विद्यापीठ’

हे ६९. काय झालं, कुठे झालं, काय करायचं, कुठे जायचं आणि कोण सांगतंय, सगळं एका तुकड्यात. शेवटी संस्थेचं नाव ठेवलं आहे, कारण मंजुरीच्या वेळी ते सहसा मागितलं जातं. पण आता इमारत बदलून बघा. रसायनशास्त्राच्या जागी वनस्पतिशास्त्र घातलं की दोन अक्षरं वाढतात, ७१ होतात आणि संदेश दोन तुकड्यांचा बनतो. ‘इमारत’ हा शब्द काढून टाकला की पुन्हा ६५ वर येतो. तेव्हा आवारातल्या सगळ्या इमारतींची आखूड, सगळ्यांच्या तोंडात असलेली नावं आधी ठरवा आणि सगळ्यात लांब नाव घालून प्रत्येक मजकूर मोजा. इमारतीला मोठ्या व्यक्तीचं पूर्ण नाव दिलेलं असेल आणि मुलं तिला ‘जुनी सायन्स’ म्हणत असतील, तर एसएमएसमध्ये ‘जुनी सायन्स’च लिहा. मान राखायला फलक आहे.

अक्षरांचा हा कंजूषपणा पैशांसाठी नाही, वेळेसाठी आहे. समजा वीस हजार नंबर आहेत आणि तुमची एसएमएस सेवा सेकंदाला १०० तुकडे पाठवते. एका तुकड्याचा संदेश २०० सेकंदांत, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत बाहेर पडतो. तोच तीन तुकड्यांचा केला तर दहा मिनिटं लागतात.

भाषेबद्दल माझं मत असं: मराठी आणि इंग्रजी मजकूर वेगवेगळे नोंदवा, एकाच संदेशात दोन्ही कोंबू नका. परीक्षा फॉर्मवरच भाषा विचारून घ्या. कामगार आणि सुरक्षारक्षकांना मराठी, परप्रांतीय व परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी, वसतिगृहांना दोन्ही. इंग्रजी मजकुरात वर्ड फाइलमधून आलेलं एखादं वाकडं अवतरणचिन्ह राहिलं, तर तो संदेशही ७० च्या हिशेबात जातो. आणि ‘प्र.शा.’, ‘व.गृह’ असली संक्षिप्त रूपं टाळा. दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे फोन ती मोठ्याने वाचतात तेव्हा काहीच कळत नाही.

किती मजकूर हवेत? दहा-बारा पुरतात. बाहेर पडा, आतच थांबा, दार लावा, अमुक भागात जाऊ नका, अमुक रस्ता बंद, आजची परीक्षा पुढे ढकलली, वीज कडाडते आहे, मैदान सोडा, पुढची माहिती अमुक वाजता, धोका टळला, आधीचा संदेश चुकून गेला, सराव संदेश.

शेवटून दुसरा मजकूर लोक हमखास विसरतात. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा सगळ्यांच्या फोनवर गेला आणि तो चुकीचा होता हे त्याच मार्गाने कळवायला ३८ मिनिटं लागली. चूक मागे घेणारा मजकूर आधी तयारच नव्हता. आपल्याकडे तर तो आधी मंजूरही व्हावा लागतो.

एसएमएस जिथे पोचत नाही

परीक्षेच्या वेळी सगळे फोन वर्गाबाहेर पिशवीत असतात. म्हणजे आवारात सगळ्यात जास्त गर्दी असते त्याच तीन तासांत तुमची यंत्रणा बहिरी असते. परीक्षेच्या दिवशी प्रत्येक इमारतीत वरिष्ठ पर्यवेक्षकाचा फोन चालू राहील आणि आपत्तीची घंटा कशी वाजेल, हे परीक्षा विभागाबरोबर लेखी ठरवा. नेहमीची घंटा नको. मुलं वेळ संपली समजून पेपर बांधायला लागतील.

रात्रीचंही तसंच. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने घेतलेल्या चाचणीत अनेकांचे फोन अचानक भोंग्यासारखे वाजले होते. ते सेल ब्रॉडकास्ट तंत्र होतं: मनोऱ्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश जातो, नंबर लागत नाही. तो मार्ग सरकारी आपत्ती यंत्रणेच्या हातात आहे, विद्यापीठाच्या नाही. तुमचा एसएमएस सायलेंटवर ठेवलेल्या फोनवर मुकाट्याने पडून राहतो. वसतिगृहांना सायरन हवाच, आणि मजल्यागणिक दोन विद्यार्थी, ज्यांनी दारं ठोठवायची.

बाहेरच्या माहितीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाशी (१०७७) आधीच ओळख करून घ्या. कोल्हापूरचं उदाहरण घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. अशा ठिकाणी विद्यापीठाचं आवार कोरडं असलं तरी शिरोळ-करवीरकडून एसटीने येणारा विद्यार्थी वाटेत अडकतो. तेव्हा ‘परीक्षा पुढे ढकलली’ हा संदेश पहाटेची पहिली गाडी सुटण्याआधी जायला हवा, त्यासाठी निर्णय ३९ फुटांना व्हायला हवा. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप सुरक्षा कक्षातल्या एका फोनवर कायम चालू ठेवा.

सराव

वर्षातून दोनदा: प्रवेश संपल्यावर एकदा, दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला एकदा. आधी दिवस जाहीर करा, वेळ नको. संदेश संगणक केंद्राने नव्हे, त्या दिवशी पाळीवर असलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याने पाठवायचा. घड्याळ लावून बघा: त्याला फोनवरून खबर मिळाल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला, आणि बटणानंतर शेवटचा संदेश पोचेपर्यंत किती. पहिला आकडा जवळजवळ नेहमीच मोठा निघतो. पासवर्ड चिठ्ठीवर आणि चिठ्ठी कपाटात, कपाटाची चावी घरी, असले शोध इथेच लागतात.

दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी रिपोर्ट काढा. न पोचलेल्या नंबरांची विभागवार यादी विभागप्रमुखांना द्या आणि आठवडाभरात दुरुस्त करून मागा. एसएमएसचं शिल्लक खातं तपासा. आगाऊ भरलेले संदेश संपलेले असणं ही फार साधी आणि फार वाईट अडचण आहे. सराव केल्याने हेडरही वापरात राहतो, कारण बराच काळ न वापरलेले हेडर बंद केले जाऊ शकतात.

प्रत्यक्ष प्रसंगात पहिल्या संदेशानंतर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा पाठवा, नवीन काही नसलं तरी. लोक गप्प बसत नाहीत. तुम्ही बोलला नाहीत तर व्हॉट्सअॅप बोलतं. ‘धोका टळला’ हा संदेश मात्र अग्निशमन दल किंवा पोलिसांनी सांगितल्यावरच.

विद्यार्थ्यांसाठी

विद्यापीठाचा आपत्कालीन हेडर ओळखून ठेवा. एसएमएस ॲपने तो स्पॅममध्ये टाकला असेल तर बाहेर काढा. संदेश आला की आधी सांगितलेलं करा, स्क्रीनशॉट नंतर. तुम्ही स्वतः धोक्यात असाल तर विद्यापीठाच्या संदेशाची वाट पाहू नका, ११२ लावा.

अमेरिकेला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवा. व्हर्जिनिया टेकनंतर २००८ मध्ये तिथल्या क्लेरी कायद्यात (विद्यापीठ आवारातल्या सुरक्षेचा कायदा) दुरुस्ती झाली. सरकारी विद्यार्थी साहाय्य घेणाऱ्या विद्यापीठांना आवारातला गंभीर धोका पक्का कळताच लगेच इशारा देणं आणि वर्षातून किमान एकदा यंत्रणा तपासणं बंधनकारक आहे. पण विद्यापीठाकडे तुमचा अर्जावरचा भारतातला नंबर असतो. तिथलं सिम घेतलं की त्याच दिवशी विद्यार्थी पोर्टलमध्ये जाऊन इशाऱ्यांसाठीचा नंबर बदला. बँक आणि विम्याचे फॉर्म त्यानंतर. इशाऱ्याच्या संदेशाला ‘स्टॉप’ असं उत्तर देऊ नका. त्याने पुढचे सगळे इशारे बंद होऊ शकतात. ‘शेल्टर इन प्लेस’ आलं तर आहात तिथेच थांबा, खिडकीपासून दूर राहा आणि ‘ऑल क्लिअर’ येईपर्यंत बाहेर पडू नका. मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत हाच संदेश टोर्नेडोसाठीही (भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ) येतो. तेव्हा तळघर किंवा खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली गाठायची. ती कुठे आहे ते पहिल्या आठवड्यातच रूममेटला विचारून ठेवा. घरच्यांनाही सांगून ठेवा: ‘बातमी दिसली की फोनवर फोन करू नका. मी दार लावून आत असेन, तेव्हा वाजणारा फोन नको असतो, एक मेसेज टाका, जमेल तेव्हा उत्तर देईन.’